पास्कलकाकांची विचारणा

पास्कलकाकांच्या घरात विचारल्याशिवाय कुणी बोलायचं नाही. मालाडच्या गावठाणात आम्ही त्यांच्या माडीवर भाड्याने राहतो. मी काही सांगायला खाली गेले की काका बोट वर करणार. "थांब गं. आधी मारिया." मारिया म्हणजे त्यांची सून. मग नातू, मग मी.

"काका, टाकी भरून वाहतेय!"

"मग आधी बोलायचं ना!"

"तुम्ही बोलू कुठे दिलंत?"

ही सवय नोकरीतली. अंधेरीच्या एका कारखान्यात मशिनी एकमेकींना ज्या तारांवरून माहिती पाठवतात, त्या तारा काका सांभाळायचे. मी इन्स्ट्रुमेंटेशन शिकते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे अडलं की काकांनाच विचारते. त्यांनी समजावलं, जुन्या पद्धतीत मुख्य यंत्र एकेकाला नंबराने विचारतं. ज्याला विचारलं तोच बोलतो. काही नव्या पद्धतींत ज्याच्याकडे खबर आहे तो स्वतःहून बोलतो. दोघं एकदम बोलले, तर ज्याची खबर तातडीची तो पुढे.

"नवीन म्हणजे मासळीबाजार," काका म्हणायचे. "जुनं झकास. गडबड नाय."

गेल्या वर्षी रोझीकाकूंना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. त्यांचं काही सांगायचं राहू नये, हा काकांना एकच घोर. दर तासाला खाटेशी बसून विचारतात. "पाणी? चहा? कूस बदलू?" हो असेल तर काकू डोळे मिटतात.

"पप्पा, मम्मीची काय परीक्षा घेता?" मारिया म्हणायची.

एप्रिलमध्ये तपासायला आलेल्या नर्सबाईंनी पडून राहून काकूंच्या टाचेला झालेली जखम दाखवली. चांगलीच चिघळली होती. काका माझ्याकडे बघत राहिले. "टाच माझ्या यादीत नव्हती गं. मी विचारलंच नाय, तर ती सांगणार कशी?"



दुसऱ्या दिवशी त्यांनी काकूंच्या जरासं हलणाऱ्या बोटाखाली बेलचं बटण बसवलं. "रोझी, आता मी विचारायची वाट नाय बघायची. वाटेल तेव्हा दाब."

महिना झाला. बेल वाजलेली नाही. बोटात तेवढा जोर आहे का, कुणालाच ठाऊक नाही.

काल दुपारी गेले, तर पंखा बंद. काका घामाने निथळत होते आणि घडी केलेल्या पेपराने काकूंना वारा घालत होते.

"लाइट गेली का?"

"नाय गं. बटण अर्धवट दाबलं तर बेल वाजत नाय, नुसता टक होतो. पंख्याच्या आवाजात तो मला ऐकू यायचा नाय."