सनाखालचा ठिपका

अण्णांच्या रुपयावरचा तिसरा ठिपका मला आयुष्यात एकदाही दिसलेला नाही. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरात बायकोलाही नाही.

अण्णा म्हणजे मंगळवार पेठेत आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे दातांचे डॉक्टर. दवाखाना कधीच बंद झाला, पण हत्यारं घरी आली. दात तपासायचा इवलासा आरसा आणि कपाळावरचा दिवा घेऊन अण्णा आता राणी व्हिक्टोरियाला तपासतात. त्यांच्याकडं एकाच सनाचे, एकाच तोंडवळ्याचे रुपये ढिगानं आहेत. "डॉक्टर, सगळे सारखेच की हो," असं कुणी म्हटलं की भडकतात. "सारखं? तुझं दात आन माझं दात सारखं हायत व्हय?"

त्यांचं म्हणणं असं, की टाकसाळीतला ठसा झिजतो, मग नवा करतात, आणि प्रत्येक ठशाची काहीतरी खोड नाण्यावर उतरते. १८६२चा रुपया तर पुढं कैक वर्षं त्याच सनानं निघत राहिला. नेमका कधीचा, ते सनाखालच्या बारक्या ठिपक्यांवरून ओळखायचं. पंचम जॉर्जच्या एका रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुक्कर वाटला आणि सरकारला ठसा बदलावा लागला. हे सांगताना अण्णा हमखास म्हणतात, "सोंडेचं माप चुकलं. माझ्याकडं आणला आस्ता, तर दुसरी बसवून दिली आस्ती."

एका पाहुण्यानं चांगुलपणानं विचारलं, चिंच लावून घासून देऊ का? अण्णांनी त्याच्या हातातला चहाचा कप काढून घेतला. "दात रोज घासा. नाणं जन्मात न्हाय!"

ठिपके मोजायला जोडीला त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, असायच्या. भांडण खाली आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं.

"तीन हायत."

"दोन. तिसरा मळ हाय."

"अगं, नीट बघ की!"

"बघितलं. तुमच्याच डोळ्यात मळ हाय."

काकू गेल्या. मागोमाग अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, आणि ते ऑपरेशनचं नाव काढू देईनात. मग हाक मला यायला लागली. "संजय, वर ये की रं जरा."

मी भिंगातून बघायचो. डाग दिसायचे, ओरखडे दिसायचे. खाली मॅच रंगात आलेली असायची. "तिसरा हाय का रं?" ते विचारायचे. मी म्हणायचो, "हाय की अण्णा, ठळक हाय." ते खूश होऊन नाणं तीन ठिपक्यांच्या पाकिटात घालायचे. मीही खूश, लगेच सुटका. पाकिटांची सबंध पेटी अशी माझ्या 'हाय की'वर लागली.

ती पेटी त्यांनी गावातल्या नाण्यांच्या प्रदर्शनात मांडली. मी सोबत होतो. जयसिंगपूरचा एक व्यापारी भिंग लावून पाकिटं बघत गेला आणि मोठ्यांदा म्हणाला, "डॉक्टर, तिसरा ठिपका कुठाय हो? निम्म्यात तर न्हायच!" आजूबाजूचे हसले. मी माझ्या चपलांकडं बघत राहिलो. अण्णा एवढंच म्हणाले, "माझाच डोळा गेलाय, पावणं."

रिक्षात त्यांनी विषय काढला नाही. मीही नाही.

त्यानंतर मात्र त्यांनी गुमान ऑपरेशन करून घेतलं. मला वाटलं, सुटलो, आता हाक येणार नाही. नवा चष्मा लागतो न लागतो तोच वरून आवाज आला. गेलो. त्यांनी एक रुपया माझ्यापुढं सरकवला.

"बघ. तिसरा हाय का?"

सवयीनं तोंडातून गेलंच, "हाय की."

अण्णांनी रुपया खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ बघितला.

"न्हाय रं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तू 'हाय' म्हणतोस, पाकीट बंद हुतंय, आन तू जातोस. ती 'न्हाय' म्हणायची. मग भांडण, मग चहा, मग परत बघायचं. अख्खी दुपार जायची बघ."

मी जिना उतरून आलो. रुपया तसाच त्यांच्या हातात होता.

अण्णांना मी एक 'न्हाय' देणं लागतो. आणि त्याच्यापुढची अख्खी दुपार.