नारायणरावांनी नरोलीची माणसे मोजिली त्याची हकिकत

श्रीविद्युल्लता प्रसन्न. दमणगंगेकाठी सिल्वासा नामे शहर, तेथील वीजबचतीची मोहीम शेजारील नरोली गावच्या एका गल्लीत कैसी अडली आणि कैसी तडीस गेली, ते यथामती लिहिले असे. लिहिणारा त्याच गल्लीत भाडेकरू, सबब पक्षपात घडल्यास थोरांनी पोटात घालावा.

तर खासे नारायणराव, मूळचे कोकणप्रांतीचे, हुद्दा रस्त्यावरील दिव्यांचे इंजिनियर, यांनी मनसुबा केला की वीज खाऊन माजलेले पिवळे दिवे समूळ उतरवावे आणि त्यांचे जागी अल्पाहारी एलईडी तैनात करावे, आणि जेथे रहदारी नाही तेथे सांजचे साडेसातास दिव्यांनी आपले तेज पाव हिश्श्यावर आणावे. मसलत उत्तम होती. मग रावसाहेब फोल्डिंगची खुर्ची, थर्मास व वही ऐसा सरंजाम घेऊन गल्लीत तीन सांजा ठाण मांडून बसले आणि वहीत नोंद जाहली: माणसे दोन, कुत्री अकरा. गल्ली वैराण ठरली.

परंतु ते दिवस आखाजीचे, म्हणजे खानदेशी अक्षय्यतृतीयेचे होते. गल्लीतील अवघी फौज खानदेशची, कारखान्यांत चाकरीस आलेली, ती आखाजीच्या सणास झाडून गावी गेलेली. गणपतीत मुंबई रिकामी पडते हे रावसाहेबांस पक्के ठाऊक, कारण ती रिकामी करणारांत ते स्वतः असत. आखाजीत नरोली रिकामी पडते हे मात्र त्यांच्या गावीही नव्हते.

मग फौज परतली, तो साडेसातास अंधार, आणि कारखान्यांची पाळी सुटून माणसे गल्लीत येत आठास. तिसऱ्या खांबाखाली भरीत-भाकरी विकणाऱ्या आक्काबाईंचे ठाणे कोणास दिसेना. आणि राखोलीहून पाळी करून येणारी जया उघड्या गटारात पडली. तिचा पाय सुजला आणि ती महिनाभर लंगडत कामास गेली. इतके लिहिताना बखरकारासही थट्टा सुचत नाही, रागच येतो. गल्लीने अर्जावर अर्ज रवाना केले, तो हुजुरातून जबाब आला की वहीत माणसे दोनच रुजू आहेत, दोघांस इतकी रोशनाई मुबलक आहे.

मग आक्काबाईंनी डाव टाकला. रावसाहेबांस पावणेआठाचे सुमारास जेवणाचे निमंत्रण धाडिले. खानदेशी भरीत हिरव्या वांग्याचे, ठेचाही हिरवाच, आणि उजेड पाव हिश्श्याचा. रावसाहेबांनी भरीत समजून ठेच्याचा भला मोठा घास घेतला. डोळ्यांतून दमणगंगा वाहिली. इतक्यात आठ वाजले आणि अंधारातून माणसांचा लोंढा आला, आणि जया लंगडत त्यांत होती. रावसाहेबांनी ताक घशाखाली ढकलून विचारिले की ही सेना तेव्हा कोठे दडली होती.

आक्काबाई वदल्या, “सायेब, आमी सम्दे आखाजीले गावाले गेलो व्हतो. तुमी मोजलं तं काय, कुत्रे?”

रावसाहेबांनी जयाच्या पायाकडे पाहिले आणि मान खाली घातली. म्हणाले, “चुकलं माझं.” सरकारी माणसाच्या मुखातून हे शब्द निघाल्याची नोंद याआधी कोणत्याही दप्तरात आढळत नाही.

दुसरे सांजेस पुन्हा मोजणी जाहली. अर्ध्या घटकेत माणसे चारशे बारा. मग फर्मान निघाले की गल्लीत नऊपर्यंत दिवे पुरे तेजाने जळावे, आणि वाढलेली वीज गलोंड्याकडील आखीव प्लॉटांच्या रस्त्यावरून वसूल करावी, जेथे एकही बंगला उभा नसता दिवे लग्नघरासारखे पेटलेले असत.

पुढील साली आखाजीचे आदले दिवशी, बोचकी बांधून जाहल्यावर, आक्काबाईंनी कचेरीत आपणहून फोन केला.

“सायेब, आमी चाललो गावाले. पाच दिस दिवा बारीक करा. पन मोजाले येऊ नका.”

पाच सांजा गल्ली मंद राहिली. सहावे सांजेस दिवे पुरे लागले होते, आणि आठाचे सुमारास जया पाळीवरून दोन्ही पायांनी धड चालत त्यांखालून घरी गेली. मोहीम फत्ते पावली ती त्या वेळी, आणि तैसीच येथे दाखल केली असे.