नऊ लिटरची गाडी

"तीस हजार किलोमीटर?" ताइस्तोने कॉफीचा कप खाली ठेवला. "आणि तोवर ऑइल बदलायचंच नाही?"

"किंवा दोन वर्षं. जे आधी होईल ते," त्याचा जावई येस्पर म्हणाला. "गाडीच सांगते. स्क्रीनवर येतं."

"आणि मधेआधे पट्टी बुडवून बघायचं झालं तर?"

"पट्टीच नाहीये. हल्लीच्या गाड्यांना नसते."

ताइस्तोने खिडकीबाहेर तळ्याकडे पाहिलं. कुणी तरी गेल्याची बातमी कळल्यावर माणूस बघतो, तसं. त्याचं सगळं आयुष्य रस्त्यावरचं बर्फ काढणारी यंत्रं चालवण्यात गेलं होतं आणि ऑइलच्या बाबतीत त्याचा नियम ठाम होता: बर्फ वितळलं की एकदा, बर्फ पडायच्या आधी एकदा. गाडी चालली असो नाहीतर उभी असो. गवत कापायच्या यंत्रालाही तोच नियम होता आणि त्या यंत्राने कधी तक्रार केली नव्हती.

येस्पर तसा हुशार, पण हेलसिंकीचा. ताइस्तोची मुलगी साइला आणि तो युहानुसच्या, म्हणजे भर उन्हाळ्यातल्या सणाला आले होते ते नुसतं सौनातलं वाफेचं स्नान आणि नव्या बटाट्यांसाठी नव्हे. तळ्याच्या टोकाला बर्चच्या झाडांमागे थोडी जागा होती. तिथे त्यांना लहानसं घर बांधायचं होतं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि अर्थातच कुणी तोंडातून काढलं नव्हतं. येस्परने तर ती जागा मनातल्या मनात मोजून, तिथे खिडकीसुद्धा बसवली होती. आता फक्त सासऱ्याने हो म्हणायचं बाकी होतं.

"जो माणूस दोन वर्षांनी ऑइल बदलतो, तो छप्पर किती वर्षांनी रंगवणार?" ताइस्तो स्वयंपाकघरात बायकोला, इर्याला म्हणाला. आवाज बाहेर जाईल इतका मोठा होता. "टोकाची जागा मागतील आता. मी नाही द्यायचा."

"ताइस्तो, त्याच्या गाडीला हात लावायचा नाही."

"मी कुठे लावतोय!"

"साइलाचं कपडे धुवायचं मशीन आठवतंय ना?"

ताइस्तोला आठवत होतं. ताम्पेरेच्या फ्लॅटमधलं ते मशीन त्याने न विचारता दुरुस्त केलं होतं. खालच्या मजल्यावरच्या बाईंचं छत गळलं आणि साइला पुढचा हिवाळाभर त्याच्याशी बोलली नव्हती. त्याने निमूटपणे मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सणाची सकाळ. साइला आणि येस्पर होडी घेऊन जाळी काढायला गेले. येस्परची गाडी शेडमध्ये होती. झाडांचा चीक काचेवर पडतो म्हणून ताइस्तोनेच ती तिथे लावायला सांगितली होती. शेडच्या मधोमध गाडीच्या खाली उतरून काम करायला खड्डा होता आणि गाडी नेमकी त्या खड्ड्यावर उभी होती. असा योग दवडायचा म्हणजे ताइस्तोच्या दृष्टीने पापच होतं. उपकार तर करायचा आणि कुणाला कळूही द्यायचं नाही. आमच्याकडे प्रेम करायची हीच रीत आहे.

तो खड्ड्यात उतरला, खालचं प्लास्टिकचं झाकण शिव्या देत काढलं आणि नटाला पाना लावला. ऑइल काळंकुट्ट होतं. ते बघून त्याला फार बरं वाटलं. खाली दुधाचा जुना मोठा कॅन ठेवून त्याने नट काढला आणि शेवटचा थेंब निथळेपर्यंत राहू दे म्हणून तसाच सोडला. आता नवं ऑइल हवं. फळीवर पाच लिटरचा डबा होता, पण तो त्याच्या म्हाताऱ्या गाडीचा, जाड ऑइलचा. दुसऱ्याच्या गाडीत भलतंसलतं ओतणाऱ्यातला ताइस्तो नव्हता.

"कुठे निघालास?" इर्याने विचारलं.

"बटाट्यांसाठी शेपू आणतो," ताइस्तो म्हणाला आणि गावाकडे निघाला.

इकडे येस्परला होडीत चैन नव्हती. काल रात्रीपासून डोक्यात एकच किडा वळवळत होता: म्हातारा बरोबर असला तर? परत आल्याबरोबर तो गुपचूप शेडमध्ये शिरला. उंदीर यायला नकोत म्हणून ताइस्तो तिथे रेडिओ मोठ्याने चालू ठेवत असे. ॲकॉर्डियनच्या त्या गोंगाटात येस्परने गाडीची चावी अर्धी फिरवली. स्क्रीन लाल झाली. ऑइल नाही, इंजिन चालू करू नका.

संध्याकाळी जागेचं विचारायचं आणि गाडी ही अशी! सासऱ्याला कळलं तर जागा गेली, खिडकी गेली, सगळं गेलं. त्याने फळीवरचा डबा उचलला आणि थोडं ऑइल ओतलं. स्क्रीन लालच. आणखी ओतलं. लालच. वर ॲकॉर्डियन, खाली ऑइलची धार थेट दुधाच्या कॅनमध्ये, आणि येस्परला त्यातलं फक्त ॲकॉर्डियन ऐकू येत होतं. बघता बघता डबा रिकामा झाला. जमिनीवर एक थेंब नाही.

"पितंय," तो पुटपुटला. "इंजिन सगळं पितंय."

त्याने रिकामा डबा पुन्हा फळीवर ठेवला, नाव बाहेरच्या बाजूला येईल असा, आणि शेडकडे पाठ फिरवली. सण आटोपला की गुपचूप गाडी ओढून न्यायला माणूस बोलवायचा, असं त्याने ठरवलं.

ताइस्तो नव्या ऑइलचा डबा घेऊन परतला, खड्ड्यात उतरला आणि कॅनकडे बघतच राहिला. नऊ लिटरच्या वर! एवढीशी गाडी आणि नऊ लिटर! ट्रॅक्टरलाही एवढं लागत नाही. त्याच्या मनात पहिल्यांदाच त्या गाडीबद्दल आदर उत्पन्न झाला. इतकं ऑइल बाळगणारी गाडी तीस हजार किलोमीटर काय, चंद्रावर जाऊन येईल. आणि अशी गाडी निवडणारा पोरगाही दिसतो तेवढा भोळा नसणार.

जेवढं निघालं तेवढंच भरायचं, हा त्याचा दुसरा नियम. पण हातात होतं जेमतेम निम्मं. त्याने नट आवळला आणि पुन्हा निघाला.

"आता कुठे?" इर्या ओरडली.

"शेपू विसरलो!"

दुकानदार सणासाठी दार लावतच होता. "परत तेच ऑइल? ट्रक घेतलास की काय?"

"जावयाची गाडी आहे," ताइस्तो म्हणाला. त्याच्या आवाजात चक्क अभिमान होता. घरी येऊन त्याने सगळं ऑइल गाडीत रिचवलं. शेपू पुन्हा राहिला.

संध्याकाळी दोघे सौनात बसले. ताइस्तोने तापल्या दगडांवर पाणी टाकलं. येस्परने धीर गोळा केला.

"मी विचार केला," तो म्हणाला. "तुमचं बरोबर आहे. वर्षातून दोनदा बदलायला हवं."

"छे! कशाला?" ताइस्तो म्हणाला. "तीस हजार ठीक आहे."

सासरा परीक्षा घेतोय, येस्परला वाटलं. "नाही, नाही. दोनदा. तीनदासुद्धा चालेल."

"अहो जावईबापू, तुमच्या गाडीला गरज नाही त्याची. मोठी गाडी आहे."

"लहान आहे."

"आतून मोठी आहे."

"स्क्रीनवर भरवसा ठेवू नये," येस्पर कळवळून म्हणाला.

"का नाही? शिकलेल्या माणसांनी बनवलीय ती!" ताइस्तोने आणखी पाणी टाकलं. दोघांचेही कान लाल झाले होते. "काल एक बोलायचं, आज दुसरं? ज्याला स्वतःचं मत नाही, त्याला मी तळ्याकाठची जागा—"

तेवढ्यात बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. शेपूवाचून बटाटे खाणं इर्याला मंजूर नव्हतं. तिने साइलाला शेजारच्या वाडीवरून शेपू आणायला पिटाळलं होतं आणि साइला स्क्रीनबिन बघणाऱ्यातली नव्हती.

शेडमधून पांढरानिळा धूर उसळला आणि तळ्यावर पसरला. पलीकडच्या काठावर लोक सणाच्या होळीभोवती जमले होते. ताइस्तोने यंदा सगळ्यांच्या आधी पेटवली असं समजून त्यांनी टाळ्या वाजवल्या. दोघे पुरुष कमरेला टॉवेल गुंडाळून धावत सुटले.

"बंद कर!" येस्पर किंचाळला. "त्यात थेंबभर ऑइल नाहीये!"

"नाही कसं?" ताइस्तो गरजला. "चांगलं नऊ लिटर आहे!"

साइलाने गाडी बंद केली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"नऊ?" येस्पर म्हणाला. "पण ती तर साडेचार लिटरची गाडी आहे."

ताइस्तोची नजर फळीवरच्या डब्याकडे गेली. त्याने डबा उचलला. उचलला तो सरळ डोक्याच्या वर गेला, इतका हलका होता.

"हे तू ओतलंस? न विचारता?"

"तुम्ही नट काढलात? न विचारता?"

"पप्पा!" साइला म्हणाली. त्या एका शब्दात कपडे धुवायचं अख्खं मशीन होतं.

मग ताइस्तो टॉवेल सावरत खड्ड्यात उतरला. मागोमाग येस्परही उतरला. जादा झालेलं निम्मं ऑइल काढायला हवं होतं.

"पाना धर," ताइस्तो म्हणाला. "चुपचाप डबाभर ओतलंस आणि डबा जागेवर ठेवलास. नाव बाहेरच्या बाजूला."

"हो."

"मीही असाच ठेवतो." त्याने घसा खाकरला. "टोकाची जागा घ्या तुम्ही. पण छप्पर दर चार वर्षांनी."

येस्परचे डोळे भरून आले. धुराने असतील, पण भरून आले खरे.

"कुठली जागा?" वर इर्या कमरेवर हात ठेवून उभी होती. "टोकाची? ती माझ्या वडिलांनी माझ्या नावावर केलीय, ताइस्तो. साइलाला मी ईस्टरलाच हो म्हणून बसलेय."

खड्ड्यातून दोन ऑइलने माखलेली तोंडं वर वळली.

"मग कालपासून सांगितलं का नाहीस?" ताइस्तो ओरडला.

"तीन वर्षांत तुम्ही दोघं पहिल्यांदाच एकमेकांशी बोलत होतात," इर्या म्हणाली. "म्हटलं, मध्ये कशाला तोंड घाला."