इंद्रजितचा डॅक आणि मामाजींचं गाणं

अख्ख्या राजूरमध्ये कान फक्त आपल्यालाच आहेत, बाकीच्यांना नुसती चष्मा अडकवायची सोय आहे, असं इंद्रजितचं ठाम मत होतं!

फोनमधलं गाणं म्हणजे खरं तर नुसते आकडे. त्या आकड्यांचा आवाज करणाऱ्या डबीला डॅक म्हणतात. चौथीतल्या पोरालाही दोन मिनिटांत समजेल! पण नवा डॅक आणल्यापासून इंद्रजित हेच सांगायला दीड तास घ्यायचा आणि वर म्हणायचा, "जाऊ द्या, तुमच्या डोक्यावरून गेलं!"

आज गाठ सासऱ्यांशी होती. पंजाबराव विहार समितीचे अध्यक्ष. जयंतीला साउंड कोणाच्या हाती द्यायचा, इंद्रजितच्या की इलेक्ट्रिशियन संघर्षच्या, हे तेच ठरवणार होते. म्हणून इंद्रजितनं मुद्दाम त्यांनीच गेल्या जयंतीला गायलेलं गाणं लावलं. रेकॉर्डिंग त्यानं स्वतः स्टेजमागे उभं राहून केलेलं. आधी जुन्या डॅकवर लावलं, मग नव्यावर.

"सांगा मामाजी, काय फरक?"

"दोन्हीत मीच आहो."

"मले तं सारखंच वाटते," त्याची बायको मोनाली म्हणाली.

"तुले मिक्सरातला न गाण्यातला फरक समजते काय? गाणं नका ऐकू, गाण्याच्या मागचं ऐका! जुन्या डबीत मागं नुसती घरघर होती. कानात कापूस कोंबला काय साऱ्याइनं?"

नऊ वर्षांची उर्वशी स्पीकरला कान लावून बसली होती. "बाबा, मागं कोणीतरी बोलून राह्यलं."

"शाब्बास! पाहा मामाजी, लेकरानं पकडलं!" इंद्रजितनं गाणं मागं घेतलं, आवाज चढवला. "काय बोलते? सांग आबाले!"

"'हा बुढा...'"

"पाहा, शब्दन् शब्द! पुढं?"

"'...खाली कवा बसते बे?'"

"वा! 'बे'सुद्धा उमटला! जुन्या डबीतून निघाला असता काय? पुढं बोल, भिऊ नको!"

"'रेड्यावानी रेकून राह्यला!' बाबा, हा तं तुमचाच आवाज हाय!"

स्पीकरमधले पंजाबराव वरच्या पट्टीत गातच होते. खाटेवरचे पंजाबराव चपला शोधत होते.

"मामाजी, थांबा!" इंद्रजितनं घाईघाईनं वायर उपटली. "या डबीनं काही फरक पडत नसते हो! साऱ्या डब्या सारख्याच! कंपन्या लोकाइले येडं बनवतात!"

"पडते ना, जावई," पंजाबराव दारातून म्हणाले. "लय फरक पडते."

जयंतीला साउंडवर संघर्ष बसला. इंद्रजितच्या वाट्याला मंडपामागचं मसालेभाताचं पातेलं आलं. तिथं गाण्याचा एक शब्दही धड पोचत नव्हता. तरी तो वाढता वाढता प्रत्येकाला सांगत होता, "ट्रेबल जास्त झाला, समजलं काय?"

लोक म्हणत होते, "असंल भाऊ. भात टाका!"