बाकाखालचा ब्रेक

माझे बाबा कॉम्प्युटरवर गाडी चालवताना पायाने ब्रेक मारतात. बाकाखाली ब्रेक नाही, क्लच नाही, काहीच नाही. पुढच्या बाकावरच्या पोरीची टाच तेवढी असते. स्क्रीनवर समोरून बस आली की बाबांचा पाय दणकन खाली जातो आणि ती पोरगी किंचाळते. मग बाबा अख्ख्या लॅबला ऐकू जाईल असं म्हणतात, "घाबरू नको वो बाई, गाडी कंट्रोलमंदी आहे!" आणि मी मान खाली घालते.

हो, आम्ही बापलेक एकाच वर्गात आहोत. गोंदियाच्या एका कॉलेजात व्हिडिओ गेम आणि सिम्युलेशन प्रोग्रामिंगचा सर्टिफिकेट कोर्स निघाला. मी नाव घातलं, कारण मला गेम बनवायचे आहेत. बाबांनी घातलं, कारण मी घातलं. सारी जिंदगी त्यांनी नागपूर-रायपूर रोडवर ट्रक चालवला. मग डोळे अधू झाले, लायसन्स पुढे वाढलं नाही, आणि कुडव्याच्या घरात बसल्या बसल्या ते भाजी चिरणाऱ्या आईला साईड मागू लागले. शेवटी आईच म्हणाली, "या माणसाले कुठं तरी घेऊन जा वो पोरी, माहं डोकं फिरून राहिलं." कोर्सला दहावी पास चालत होतं. झालं!

सिम्युलेशन म्हणजे खऱ्यासारखी खोटी गाडी, असं सरांनी सांगितलं, तर पहिल्याच तासाला बाबांचा हात वर. "सर जी, गाडी खोटी, तं मंग ॲक्सिडेंट झाला का पंचनामा कोण करते?" वर्ग हसला. बाबाही हसले. त्यांना वाटलं, आपली मैफल जमली.

माणसाने लाजावं तरी किती? मशीन सुरू करण्याआधी हे कीबोर्डला हात लावून नमस्कार करतात. तास अर्धा झाला की मशीन बंद. का, तर "इंजिन गरम झालं, जरा दम घेऊ द्या." डोळ्यांपायी अक्षरं इतकी मोठी ठेवतात की त्यांची चूक दारातून वाचता येते. कोणा पोराच्या गेममध्ये गोळीबार चालू असला की मागे उभे राहून विचारतात, "हा जो मेला, त्याच्या घरी कोणी कळवलं का नाही?" कँटीनच्या लाईनीत कोणी घुसलं की भांडत नाहीत, एवढंच म्हणतात, "गाडी आपली, रोड साऱ्यांचा." पोरं त्यांना उस्ताद म्हणतात. त्यात आदर किती आणि मस्करी किती, हे मला बरोबर कळतं. त्यांना कळत नाही.

प्रोजेक्टच्या जोड्या लागल्या तेव्हा तर माझं नशीबच फुटलं. सर म्हणाले, "एका घरचे, एका स्कूटीवर येता, एकच प्रोजेक्ट करा." प्रोजेक्ट पास झाला तरच सर्टिफिकेट, आणि सर्टिफिकेट असलं तरच नागपूरची एक कंपनी मुलाखतीला बोलावणार. माझं सगळं त्या एका प्रोजेक्टवर येऊन बसलं.

ट्रकचाच गेम करायचा, असा बाबांनी हट्ट धरला. ट्रक मी केला, रस्ता त्यांनी. रस्ता चांगला झाला असं खोटं कशाला सांगू? झाडं अधांतरी, ढाब्यापेक्षा ढाब्यावरची खाट मोठी, बैल गुडघ्यापर्यंत डांबरात रुतलेले. त्यात सडक अर्जुनीजवळ आलं की ट्रक आपोआप थांबायचा. मी प्रोग्राममधला तो तुकडा काढून टाकायची, हे परत घालायचे.

"बाबा, काऊन टाकता हे? गाडी अडकते ना!"

"अडकत नाही वो. थांबते."

"गेममध्ये थांबला तो हरला, बाबा."

यावर ते चष्मा पुसत बसायचे. मी चिडून उठून जायची.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. आमचा ट्रक निघाला, साकोली मागे पडली, सडक अर्जुनी आली आणि ट्रक थांबला. परीक्षकांनी होती नव्हती ती सारी बटणं दाबली. मागून कोणी तरी ओरडलं, "उस्ताद, पंक्चर!" वर्ग खो खो हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सॉरी सर, चूक राहिली," मी पुटपुटले.

बाबा उभे राहिले. "चूक नाही जी. थोडा वेळ काही दाबू नका."

झाडाआडून एक लहान पोरगी आली. दोन वेण्या, लाल रिबिनी, दोन्ही हात काठीसारखे ताठ. चालणं इतकं हळू की गोगलगाय परवडली. कशीबशी ट्रकपाशी पोचली आणि दाराखाली उभी राहिली.

"ही कोण?" परीक्षकांनी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तवा आमचं घर सडक अर्जुनीले, रोडाच्या काठालेच होतं जी. माही गाडी येणार असली का ही पोरगी रोडावर येऊन उभी राहे. मालकाचा माल, टायमावर पोचवाचा. मी हॉर्न मारो अन् निघून जावो. दूरवर आरशात दिसे, हात हालवूनच राहिली. एक बार बी थांबलो नाही. लय लाज वाटते जी मले त्याची."

मला रोडवरची ती धूळ आठवली. इतक्या उंचावरून बाबांना मी दिसतच नसेन, असं मला तेव्हा वाटायचं.

"बरं, पण आता पुढे काय?" परीक्षकांनी घड्याळ पाहिलं.

"पुढचं जमलं नाही जी," बाबा हळूच म्हणाले. "तिले वर चढवता नाही येत मले."

मार्कांचं काय व्हायचं ते होवो. मी डोळे पुसले आणि कीबोर्ड माझ्याकडे ओढला.

"जरा थांबा सर," मी म्हणाले. "ही आत बसल्याशिवाय गाडी हलणार नाही."