करकोच्यांची बेपत्ता पलटण

माण तालुक्यातला पहिला खाजगी गुप्त पोलीस म्हणजे मी, पेन्शनर हवालदार नाथाजी. गुप्त इतका, की चार वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला माझा पत्ता लागला नाही. म्हणूनच सेहेचाळीस सालच्या पौषात आप्पासो मास्तरांनी म्हसवडजवळच्या तळ्यावरचे पक्षी मोजायला माणसं मागितली, तेव्हा मी अगदी मोकळा होतो.

पहिल्या दिवशी सूर्य उगवताना मास्तरांनी एकशे चाळीस करकोचे मोजले. दुसऱ्या दिवशी पाळी माझी. घाई ही गुप्त पोलिसाची वैरीण, म्हणून मी दुसरा चहा घेऊन, चांगली उन्हं चढल्यावर तळ्यावर पोचलो. करकोचे शून्य.

"चोरी," मी मास्तरांना सांगितलं.

"एकशे चाळीस पाखरांची?"

"टोळी असणार."

आधी मला परमुलखातल्या हेरांचा संशय आला, मग मोटारीतून हिंडणाऱ्या शिकाऱ्यांचा. काठावर मोटारीच्या चाकोऱ्याही मिळाल्या. त्या बैलगाडीच्या निघाल्या. शेवटी मेंढपाळ धुळाच्या पालाबाहेर पिसं सापडली आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"कोंबडीची हायती ती," धुळा म्हणाला. "काल मेव्हणा आला हुता."

"सगळे असंच म्हणतात," मी म्हणालो. खरं तर असं आजवर कुणीच म्हणालं नव्हतं.

मास्तरांचा चेहरा उतरला. फौजदाराला कळवलं असतं, तर धुळाला तळ्याकाठी मेंढरं आणायची बंदी झाली असती, आणि त्या साली दुसरीकडे कुठं पाणी नव्हतं. धुळा नुसता मेंढरांकडे बघत राहिला. माझा विजय मलाच टोचू लागला.

एवढ्यात त्याची आई, बयाबाई, रानातून तणतणत आली.

"मास्तर, तुमची पाखरं माझा हरभरा खात्याती. मोजून झाली असली तर हाकला की."

"कधीपासून खातात?" मी विचारलं.

"रोजच. जरा दिस वर आला की येत्यात. तुमी येस्तवर त्येंनी उपाशी बसायचं व्हय?"

आम्ही हरभऱ्याकडे धावलो. माझ्या बुटांच्या आवाजानं सगळे करकोचे एकदम उठले. सदतिसापर्यंत मोजून मी चुकलो. धुळानं एकवार मान वर केली.

"एकशे बेचाळीस."

"कसं मोजलंस?" मास्तरांनी विचारलं.

"मेंढरावानी."

मास्तरांनी तोच आकडा वहीत लिहिला. मी टोपी काढून धुळाची माफी मागितली.

"ऱ्हाऊ द्या, हवालदार," तो म्हणाला. "उद्या वाईच लवकर उठा."