बाइज्जत बरी

आमच्या विद्यानगरच्या गल्लीत पेशकारकाका भेटले की ते तुमच्या डोळ्यांकडे बघत नाहीत, ओठांकडे बघतात. मग खिशातून भिंग काढतात आणि म्हणतात, "जरा उजेडात या." नवा माणूस घाबरतो. आम्ही जुने लोक मुकाट्याने तोंड वर करतो, कारण नाही म्हटलं तर काका बसस्टॉपपर्यंत पाठ सोडत नाहीत.

जन्मभर कोर्टात न्यायाधीशांपुढे कागद ठेवायची पेशकारी केली. कोर्ट सुटलं, पण कोर्टाची भाषा काही सुटली नाही. ओठावरची प्रत्येक पुटकुळी त्यांच्यापुढे आरोपी म्हणून उभी राहते आणि निकाल तिथल्या तिथे लागतो.

किराणावाल्याच्या खालच्या ओठाला आतून पाण्यासारखी टपोरी पुळी आली होती. "खाताना ओठ चावला ना? लाळेची वाट तुंबली. सुईनं फोडू नक्को. बहुतेक आपली आपण जिरेल, राहिलीच तर डॉक्टर जराशी कापून काढतील." तापातून उठलेल्या रिक्षावाल्याच्या ओठावर बारीक फोडांचा झुबका बघून मात्र ते झटकन मागे सरले. "तापानं ओठ उतलाय! ह्याला जामीन नाही. खपली पडेपर्यंत पेला वेगळा, टॉवेल वेगळा, पोरांचे पापे बंद!" काही कडक झालेलं, रक्त येणारं, भरून न येणारं दिसलं की आवाज खाली यायचा. "हे वरच्या कोर्टाचं काम. आजच कोठीच्या मोठ्या दवाखान्यात जायचं." आणि नुसते बारीक पिवळट दाणे निघाले की भिंग खिशात, हात हवेत. "बाइज्जत बरी! निर्दोष! घरी जा!"

नामपल्लीच्या एका लग्नात त्यांनी स्टेजवर चढून नवरदेवालाच हा निकाल ऐकवला. नवरी हसून बेजार झाली. त्या अल्बममध्ये आहेराऐवजी भिंग घेऊन उभे असलेले पाहुणे एकटे काकाच आहेत.

त्यांची दुसरी तऱ्हा म्हणजे कापडी पिशवीतला स्टीलचा पेला. कुणाच्याही घरी जावोत, चहा घेणार तो त्या पेल्यातच. आमच्या आक्काला ह्याचा भारी राग. "एवढं कसलं मेलं सोवळं? आमच्या कपांना काय काटे आहेत?"

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तिनंच मला वाढवलं, त्यामुळे घरात तिचा शब्द खाली पडत नाही. गेल्या वर्षी श्रावणी सून होऊन आली. पोरगी अशी हसायची की शेजारच्यांना कळावं, आज यांच्याकडे काहीतरी गंमत झाली! वरच्या ओठाच्या कडेला रव्यासारखे पिवळट दाणे होते. आक्कानं ते पाहिले आणि जाहीर करून टाकलं, "हे लागट असतं." त्या दिवसापासून श्रावणीचा पेला वेगळ्या फळीवर गेला. माझा मुलगा भांडला, मी नुसताच घसा खाकरला, आक्का ढिम्म हलली नाही.

श्रावणी चोरून ओठाला लिंबू चोळायची, टूथपेस्ट लावायची. ओठ पार सोलून निघाला. मग ती ओढणी तोंडाशी धरून बोलायला लागली आणि हसणं तर बंदच झालं. एका सकाळी ती म्हणाली, "बाबा, मी थोडे दिवस वरंगलला आईकडे जाते." ते थोडे दिवस कसले, ते मला कळत होतं. बॅग भरून दाराशी उभी होती.

तेवढ्यात काका आले. श्रावणीनं चहाची किटली आणली.

"बेटा, जरा उजेडात ये."

ती मागे सरकली. "नको काका, तुम्हाला लागेल."

काकांचा भिंगाचा हात तसाच राहिला. "कौन बोल्या?"

"मी म्हणते," आक्का म्हणाली. "आणि तिचा पेलाही मीच वेगळा ठेवलाय. खबरदारी नको?"

काका उठले. फळीवरचा तो एकटा पेला उचलला, त्यात चहा ओतला आणि आक्काकडे बघत बघत घोट घेतला.

"आक्काबाई, हे तेलाचे दाणे आहेत. कातडीत सगळ्यांच्या असतात, काहींच्या ओठांवर दिसतात. दुखत नाहीत, लागत नाहीत. ह्यांना औषध एकच, हात लावायचा नाही. बेटा, लिंबू बंद. साधं खोबरेल लाव, सोललेलं भरून येईल."

मग त्यांनी पिशवीतून आपला पेला काढून टेबलावर ठेवला. काठाखाली नाव कोरलेलं होतं, सौ. कुसुम.

"हा माझ्या बायकोचा. तिलाही हेच दाणे होते. माझ्या आईनं वेगळा काढला. आई गेली तरी तो वेगळाच राहिला, आणि मी एका शब्दानं विचारलं नाही. इराण्याकडे गेलो की मी अर्धा कप पिऊन तिच्यापुढे सरकवायचो. ती म्हणायची, 'नक्को, तुम्हीच घ्या.' मला वाटायचं, बाईला इराणी चहा आवडत नाही." ते भिंग धोतराला पुसत राहिले. "ती गेल्यावर माझ्या ओठाला पुळी आली म्हणून कोठीच्या दवाखान्यात गेलो. तिथं सहज विचारलं, असे दाणे लागट असतात का. डॉक्टर हसले. बाइज्जत बरी! पण निकाल ऐकायला ती हजर नव्हती."

आक्का उठली. काकांच्या हातून श्रावणीचा पेला घेतला, त्यातला उरलेला चहा स्वतः पिऊन टाकला आणि म्हणाली, "ती बॅग आत ने गं. आणि मला अजून चहा दे. ह्याच पेल्यात."

श्रावणी आधी रडली, मग खळखळून हसली. ओढणी खांद्यावरच राहिली.

काकांनी कुसुमकाकूंचा पेला तिच्यापुढे सरकवला.

"ह्यातही अर्धा दे बेटा," ते म्हणाले. "साखर जरा जास्त टाक. तिला लागायची."